ट्रायपॉड कपाटात, माईक गळ्यात : सरावपाठांच्या रेकॉर्डिंगचे आठ महिने

ऑगस्टमध्ये काय घेतलं ते आधी सांगते. एक उंच ट्रायपॉड, त्यावर फोन अडकवायचा चिमटा, वायरचा एक कॉलर-माईक, बिनवायरचा एक आणि एक मेमरी कार्ड. फोन नवा घेतला नाही, घरात खणात पडलेले दोन जुने आणले. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. विभागातर्फे घ्यायचं तर तीन दरपत्रकं मागवा, समितीपुढे ठेवा, मार्च उजाडला असता. म्हणून पदरचे घातले.

मी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बी.एड.ला विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. माझ्याकडे येणारे छात्राध्यापक बहुतेक बी.एस्सी., काही एम.एस्सी. पुढे जाऊन ते नववी-दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' शिकवणार. त्यांच्या पाठांचं निरीक्षण करून शेरे लिहिणं हे माझं काम, आणि त्या शेऱ्यांचाच मला कंटाळा आला होता. 'आवाज स्पष्ट. फलकलेखन नीटनेटके. प्रश्नांचे वितरण सुधारावे.' मागच्या वर्षीच्या निरीक्षण वह्या चाळल्या तर हीच तीन वाक्यं आलटून पालटून. ज्यानं पाठ घेतला त्याला स्वतःचा पाठ दिसावा, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

कल्पना काही नवी नाही. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा छोटा सरावपाठ, १९६३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं तेव्हा पाठाचं चित्रण करायचं आणि ते शिकवणाऱ्यालाच दाखवायचं, हे त्याच्या गाभ्यातच होतं. आपल्याकडे १९७०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यावर पुष्कळ काम झालं आणि बिनकॅमेऱ्याचं भारतीय प्रारूप रुळलं : शिकवणं ६ मिनिटं, प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणं ६, पुन्हा प्रत्याभरण ६. एकूण ३६. कॅमेरा परवडत नव्हता, तेव्हा ते योग्यच होतं. आता वर्गातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आम्ही अजून सोबत्यानं भरलेल्या निरीक्षण तक्त्यावरच प्रत्याभरण देतोय. माझं स्वतःचं बी.एड. एका वर्षाचं होतं, सहा मिनिटं संपली की मैत्रीण टेबलावर डस्टर आपटायची. ते डस्टर सोडलं तर फारसं काही बदललेलं नाही.

पहिले तीन आठवडे वाया गेले, असं स्पष्टच लिहिते. ट्रायपॉड वर्गाच्या मागे उभा केला. पाठ झाल्यावर चित्रण दाखवलं की मुलींना ओढणी दिसायची, मुलांना पोट. 'मॅडम, मी असा वाकून उभा राहतो?' 'माझा आवाज असा आहे?' पाठाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्यांदा बघितल्यावर थोडं कमी झालं, तिसऱ्यांदा लाज ओसरली. तेव्हा कुणी हे करणार असेल तर पहिलं चित्रण ज्याचं त्याला घरी नेऊन एकट्यानं बघू द्या. चर्चा दुसऱ्यावर करा.

त्यातून मागून घेतलेल्या चित्रात विज्ञानाचा पाठ दिसतच नाही. परीक्षानळीत काय चाललंय ते पस्तीस फुटांवरून फोनला काय कळणार? दिसते ती शिक्षकाची पाठ आणि फळ्यावर खिडकीच्या उजेडाचा पांढरा पट्टा. शिवाय फाइल अवाढव्य. १०८०पी वर मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास, म्हणजे ३५ मिनिटांचा तास साडेतीन जीबीच्या घरात. अठराजणांचे पाठ ठेवायचे कुठे?

माईक मी खरं तर चित्राला आवाज बरा यावा म्हणून घेतला होता. सप्टेंबरात एकदा कार्ड भरलं, चित्रण अर्ध्यात थांबलं, पण दुसऱ्या फोनवर आवाज सबंध तासाचा आला होता. नाइलाजानं तोच ऐकला. तासभराचा नुसता आवाज तीस-पस्तीस एमबी! ऑडॅसिटी नावाची फुकटची प्रणाली आहे, तिच्यात तो उघडला. तिथे बोलणं म्हणजे दाट निळं जंगल आणि शांतता म्हणजे सपाट रेघ. त्या ३५ मिनिटांत सपाट रेघ जवळजवळ नव्हतीच. ज्याचा पाठ होता तो कागलकडचा मुलगा. पडद्याकडे बघत म्हणाला, 'मॅडम, मी श्वास कधी घेतला?'

त्या दिवसापासून आम्ही मोजायला लागलो. प्रश्न संपला तिथे एक खूण, त्यानंतर पहिला शब्द कुणाचाही असो, तिथे दुसरी. मधलं अंतर पडद्यावर सेकंदात वाचता येतं. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षण संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच केलं होतं, विज्ञानाच्याच तासांवर, टेपरेकॉर्डर लावून. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, मुलं आपणहून प्रश्न विचारतात. हे मी दरवर्षी शिकवते, दरवर्षी परीक्षेतही येतं आणि मुलं चांगले गुण मिळवतात. पण स्वतःच्या सेकंदाची रेघ बघितल्याशिवाय ते कुणाच्या अंगात उतरलेलं मी पाहिलं नाही. माझ्याही नाही. एकदा माझ्याच व्याख्यानाला माईक लावला आणि खुणा पोरांना करायला दिल्या. ते आकडे इथे देत नाही.

रो बाईंनी सांगितलेला दुसरा थांबा तर आमच्या गावीही नव्हता : मुलाचं उत्तर संपल्यानंतरचा. आमचे छात्राध्यापक तिथे 'शाब्बास, बरोबर' म्हणून मोकळे होतात, कारण तक्त्यात प्रबलनाला, म्हणजे मुलांना शाबासकी देण्याला, गुण आहेत. मुलगा पुढे काहीतरी बोलणार असतो, ते 'शाब्बास'खाली दबतं. कॉलर-माईकवर ते पुसट ऐकू येतं. वर्गात मागे बसून मला कधीच आलं नव्हतं.

आता ज्या पाठासाठी एवढं लिहायला बसले तो सांगते. नववी, आम्ल-आम्लारी. छात्राध्यापकानं संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, निघणारा वायू नळीनं चुन्याच्या निवळीत सोडला आणि विचारलं, 'बघा, निवळी दुधाळ झाली ना?' सगळा वर्ग : 'हो सर!' तक्त्यात मी दिग्दर्शनाला, म्हणजे प्रयोग करून दाखवण्याला, चांगले गुण दिले. तोपर्यंत माझी अक्कल एवढी वाढली होती, की एक फोन टेबलावरच्या बुटक्या स्टँडला लावून निवळीच्या नळीसमोर ठेवला होता. संध्याकाळी आवाज आणि चित्र जुळवून पाहिलं. 'हो सर' आलं तेव्हा निवळी पाण्यासारखी स्वच्छ होती. दुधाळ व्हायला त्यानंतर अकरा सेकंद गेले. वर्गातल्या पन्नास मुलांनी न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगितली आणि मीही मागे बसून मान डोलावली होती.

तो बिचारा ओशाळला. मी म्हटलं, ओशाळायचं काय त्यात, उद्या दुसऱ्या तुकडीवर हाच पाठ परत घे आणि वायू सोडल्यावर तोंड उघडू नकोस. त्यानं ते फारच मनावर घेतलं. 'काय दिसतंय ते सांगा' एवढं म्हणून तो गप्प झाला. फितीवर पंख्याची घरघर आहे, बुडबुड्यांचा आवाज आहे, चौदा सेकंदांनी एक मुलगी 'सर, पांढरं व्हायलंय' म्हणते. तो तरी गप्पच. मुलं आपसांत बोलायला लागतात. वायू चालूच. थोड्या वेळानं मागून कुणीतरी ओरडतं, 'सर, परत साफ झालं!'

कार्बन डायऑक्साइड सोडतच राहिलं की खडूसारखं न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट पुढे विरघळणाऱ्या कॅल्शिअम हायड्रोजन कार्बोनेटमध्ये बदलतं आणि दुधाळपणा जातो. त्याला ते ठाऊक होतं, एम.एस्सी. आहे तो. पण पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, नव्हतं. एरवी दुधाळ झाल्या झाल्या नळी काढून तो फळ्याकडे वळला असता. इथे मुलांनीच त्याला गाठलं. मग पुढची सात-आठ मिनिटं त्या वर्गात जे झालं त्याला मी विज्ञानाचा तास म्हणेन. गारगोट्यांसारख्या खड्यांपासून घरच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्यात बसणाऱ्या थरापर्यंत मुलं जाऊन आली. पाठाचा 'समारोप' राहिला, मूल्यमापनाचे दोन प्रश्न राहिले.

गंमत पुढे आहे. हा पाठ मी फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणात, म्हणजे तासाला कोण किती बोलतं ते मोजायच्या पद्धतीत, बसवायला घेतला. त्यात दर तीन सेकंदांना एक नोंद करायची, नोंदीचे दहा प्रकार : पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, आठ-नऊ विद्यार्थ्यांच्या, आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ'. म्हणजे ती चौदा सेकंदं, जेव्हा पन्नास जोड्या डोळे एका नळीवर खिळले होते, गेली दहाव्या प्रकारात. शेजारी कुणाचा डबा पडून झालेला आरडाओरडाही दहाव्यातच. भाषेच्या तासाला हे चालत असेल, मला त्यातलं कळत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र हात चालू आणि तोंड बंद ही कामाची वेळ असते, आणि तिला आमच्या मोजमापात स्वतःचं घर नाही. आता आम्ही पेन्सिलीनं '१०अ' आणि '१०ब' लिहितो : बघत असलेली शांतता आणि बाकी सगळं. शोधनिबंधात टिकणार नाही, वहीत टिकतं. अ की ब हे नुसत्या आवाजावरून ठरवता येत नाही, तेवढ्यापुरता टेबलावरचा फोन लागतोच. उंच ट्रायपॉड ऑक्टोबरपासून कपाटात आहे.

आता त्रासाचं. बिनवायरचा माईक मी परत घेणार नाही. दोन तासांत बॅटरी उतरते आणि उतरताना काही सांगत नाही. तीन पाठ असे मुके आले. वायरचा बरा, पण नव्या फोनांना त्याचं भोक नसतं, वेगळा जोड घ्यावा लागतो. सगळ्यात उत्तम म्हणाल तर जुना फोन, आवाज-नोंदणी चालू करून, सदऱ्याच्या वरच्या खिशात. साडी असेल तर माईक पदराच्या बाजूला लावू नका, सगळा तास खसखस येते. फोन विमान-मोडवर टाका. आमच्या एकीचा पाठ नेमका रोधाच्या एकसर जोडणीवर असताना मामांचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच संपलं. पंख्याखाली उभं राहणं टाळा, निदान प्रश्न विचारताना.

बोललेलं आपोआप मराठीत उतरवून देणारी सोयही वापरून पाहिली. गप्पांना ठीक. विज्ञानाला नाही. 'विभवांतर'चं 'विभाग अंतर', 'रोध'चा 'रोज', 'अपवर्तन'चं 'परिवर्तन'. 'विभाग अंतर वाढलं की रोज काय होईल?' यावर वर्ग दहा मिनिटं हसत होता, तेवढाच फायदा.

परवानगीचं काम सगळ्यात वेळखाऊ, आणि ते टाळू नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आहे. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांचं संमतिपत्रक, शिवाय आमचा नियम : मुलांचे चेहरे चौकटीत नकोत, फाइल व्हॉट्सॲपवर जाणार नाही, सत्र संपलं की पुसायची. एका शाळेनं चक्क नाही म्हटलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तिथे आम्ही जुन्या पद्धतीनं तक्ते भरले, फक्त हातात सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन बसलो.

दुसऱ्या वर्षाच्या छात्रसेवाकाळात हे जास्त उपयोगी पडेल असं वाटलं होतं, कारण तेव्हा पोरं सोळा-सोळा आठवडे शाळांत असतात आणि आम्ही फिरून फिरून किती फिरणार. अर्धवटच खरं ठरलं. रोज रेकॉर्डिंग करा म्हटलं की कुणीच ऐकत नाही, ना ते ना मी. आठवड्याला एक पाठ, त्यातली स्वतः निवडलेली सहा मिनिटं, एवढंच टिकलं. निवड करायची म्हणून का होईना, ते पूर्ण ऐकतात.

जानेवारीत गडहिंग्लजकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, 'मॅडम, आता रेकॉर्डिंग येतंय म्हटल्यावर तुम्ही यायच्या बंद होणार का?' मी त्याच दिवशी तिथे एक पाठ पाहून उतरत होते. शेवटच्या बाकावरची दोन मुलं तासभर प्रयोगाच्या टेबलाकडे यायला उठलीच नव्हती, कारण पुढच्यांनी कडं केलं होतं. आवाजात ती नव्हती. टेबलावरच्या फोनला निवळीपलीकडचं काही दिसत नव्हतं. 'येणार की,' म्हटलं, 'पुढच्या गुरुवारी आहेच.'