रुईच्या म्हातारीच्या केसांचा देवचार

बेळगावच्या शहापुरात माझं बाइंडिंगचं दुकान आहे. कॉलेजच्या पोरांचे जर्नल, दुकानदारांच्या कीर्द-खतावण्या, देवळांची पावतीबुकं, कधीमधी कुणाच्या घरची पानं सुटलेली ज्ञानेश्वरी. मालिकांवर लिहायचा मला अधिकार नाही. पण ही मालिका पुस्तकांवरून भांडणाऱ्या दोन माणसांची आहे, म्हणून लिहितो.

भाचा लीड्सला शिकायला होता. येताना त्यानं ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’चा डीव्हीडीचा डबा आणला आणि त्याच नावाची, विटेएवढी जाड कादंबरीही. लेखिका सुझाना क्लार्क, पुस्तक 2004चं. बीबीसी वननं 2015 साली त्याचे तासातासाचे 7 भाग केले. तिकडची डिस्क आमच्या प्लेअरनं बाहेर फेकून दिली. त्यांचा रिजन 2 आणि आपला 5, असं भाच्यानं सांगितलं. डिस्कलासुद्धा सीमाप्रश्न! शेवटी त्याच्या लॅपटॉपवरून टीव्हीला वायर जोडली. आषाढातला पाऊस, दोनदा लाइट गेली, तरी चार रात्रींत संपवलं.

गोष्ट 1806 सालच्या इंग्लंडची. यॉर्क शहरात जादूगारांचं एक मंडळ आहे, पण त्यातल्या एकालाही जादू येत नाही. जादूवरची पुस्तकं वाचायची, त्यावर वाद घालायचे, जेवायचं आणि घरी जायचं. खरी जादू बंद पडून 300 वर्षं झालीत. मग कळतं की नॉरेल नावाचा एक तुसडा गृहस्थ जादू करतो. तो अट घालतो, मी करून दाखवली तर तुम्ही सगळ्यांनी स्वतःला जादूगार म्हणवणं सोडायचं. कागदावर सह्या घेतो आणि यॉर्कच्या मोठ्या चर्चमधले दगडी पुतळे बोलायला लागतात. पहिल्या भागातला हा प्रसंग अंगावर येतो. त्या आधीचा वेळ मात्र जांभया देत काढावा लागतो, हेही सांगून ठेवतो.

नॉरेलचं काम एडी मार्सननं केलंय. बारीक डोळे, डोक्यावर बेताल विग, आणि कुणी पुस्तकाला हात लावला की चेहऱ्यावर येणारी ती कळ. असं एक गिऱ्हाईक माझ्याकडे होतं. पोथी बांधायला द्यायचे आणि बांधून होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचे, पान बघितलं तरी म्हणायचे, “वाचू नका, नुसतं शिवा.” नॉरेलनं देशभरातली जादूची पुस्तकं विकत घेऊन कोंडून ठेवलीत. त्याचा चेला स्ट्रेंज (बर्टी कार्व्हेल) पुढं स्वतःचं पुस्तक छापतो, तर हा त्याच्या प्रती जादूनं नाहीशा करतो. मला युद्धातल्या मुडद्यांपेक्षा ते जास्त लागलं. फॉर्म मोडून, शिवून, पुठ्ठा चढवून झालेला माल जातो कुठं?

स्ट्रेंज उलट्या वळणाचा. पुस्तकं कमी, धाडस जास्त. पोर्तुगालात इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या फौजेत जातो आणि तिथं त्याच्या विद्येला कुणी विचारत नाही. साहेबाला पाहिजे रस्ता. चिखलात तोफा अडकल्यात, रस्ता करून दे. शेजारचे निवृत्त सुभेदार, मराठा सेंटरचे (मराठा पलटणीचं इथलं केंद्र), त्या रात्री चहाला आले होते. ते म्हणाले, “एवढंच खरं दाखवलंय बघा. साहेब लोक असंच बोलतात.” पुढं स्ट्रेंज माहिती काढायला मेलेले शिपाई उठवतो आणि त्यांना परत कसं निजवायचं हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा सुभेदारांनी कप खाली ठेवला तो उचललाच नाही.

आता मुख्य माणूस, परीलोकातला. त्याला नाव नाही. मूळ इंग्रजीत त्याची ओळख एका काटेरी झाडाच्या कापसासारख्या केसांवरून केलीय. आपल्याकडे रुईचं बोंड फुटून म्हातारी उडते ना, तसे केस. मार्क वॉरेननं तो हळू, गोड, कुजबुजत्या आवाजात उभा केलाय. तो आला की घरात कुठंतरी घंटा वाजल्यासारखी वाटते. आई आतल्या खोलीतून येऊन बसली. ती कणकुंबीकडची, मलप्रभेच्या उगमाजवळची. इंग्रजी एक अक्षर नाही. दोन मिनिटं बघून म्हणाली, “ह्याच्या खांद्यावर घोंगडी नाही एवढंच. बाकी देवचारच की.” देवचार म्हणजे आमच्याकडचा गावराखणा भूत. मी सांगितलं, नॉरेलनं मेलेल्या एका मुलीला याच्याकडून जिवंत करून घेतलंय आणि बदल्यात तिचं अर्धं आयुष्य देऊन बसलाय. त्याला वाटलं, म्हातारपणीचं अर्धं. देवचारानं रोजच्या रात्री घेतल्या. रात्रभर तिला आपल्या वाड्यात नाचवतो. आई म्हणाली, “बोली करताना नीट बोलायचं असतंय. त्याला कुणी सांगितलं नाही काय?”

त्या मुलीचं, लेडी पोलचं, काम ॲलिस एंग्लर्टनं केलंय. तिला आपलं दुःख सांगायचं आहे. तोंड उघडलं की भलतीच कुठलीतरी जुनी गोष्ट बाहेर पडते, ऐकणाऱ्याला वाटतं वेड लागलं. तिचे डोळे सांगत असतात की हे मी बोलत नाहीये. हा प्रसंग आला तेव्हा मी लॅपटॉप थांबवला, पाणी प्यायच्या निमित्तानं.

गेल्या वर्षी आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर धारवाडकडचे, चांगला माणूस. आई म्हणाली, “जीव कालवल्यागत होतंय, पायाखालची जमीन जातेय.” माझ्याकडं बघून डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, काय म्हणतात? बाजारातलं कन्नड मला फाडफाड येतं. कागद, पुठ्ठा, दर, उधारी. दुखण्याचं कन्नड येत नाही. मी सांगितलं, “होट्टे नोवु.” पोटदुखी. त्यांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. आई दोघांच्या तोंडाकडं बघत बसली होती. दोन दिवसांनी तोल जाऊन न्हाणीत पडली तेव्हा खरं दुखणं कळलं. चूक माझी होती.

तर टोबी हेन्स या दिग्दर्शकानं आणि लिहिणाऱ्या पीटर हार्नेसनं लेडी पोलचं ते सांगता न येणारं दुखणं जमवलंय, यासाठी माझे गुण. दोष आहेत. चित्र इतकं काळोखं की खोलीतला दिवा मालवल्याशिवाय काही दिसत नाही. स्टीफन ब्लॅक हा काळा खानसामा, गुलामांच्या जहाजावर जन्मलेला, सगळ्यात वजनदार पात्र. त्याचा शेवट मात्र घाईत उरकलाय. सातवा भाग दोन भागांचा करायला पाहिजे होता. लहान पोरांना दाखवू नका. सबटायटल इंग्रजी, तीही भराभर पळतात.

व्हिंक्युलस नावाचा भिकारी मात्र चुकवू नका. त्याच्या अंगभर निळी अक्षरं आहेत. तो स्वतःच एक पुस्तक आहे. कादंबरीत म्हणे त्याच्या बापानं दारूच्या पैजेत पुस्तक खाल्लं होतं आणि ते पोराच्या कातडीवर उमटलं. मी मोरचूद घालून खळ शिजवतो ती कसरीनं खाऊ नये म्हणून. माणसाचा विचार केला नव्हता.

कादंबरीची पाठ पहिल्याच आठवड्यात तडकली होती. परफेक्ट बाइंडिंग म्हणतात त्याला, नुसता सरस. मी पाठ घासली, करवतीनं खाचा पाडून दोरा भरला, पाठीला कापड लावून शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबायच्या चापात, ठेवली. भाच्याचा दोनदा फोन आला, “मामा, झालं काय?” मी म्हटलं, अजून वाळालं नाही, पावसाळी हवा आहे. वाळून पंधरा दिवस झालेत. रोज दुकान बंद करताना शिकंजा सैल करतो, डिक्शनरी काढतो आणि चार पानं वाचतो.