गोव्यात मानसोपचार घेण्याआधी: नोंदणी तपासण्याच्या खिडक्यांचं परीक्षण

समोरचा माणूस डॉक्टर आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे की चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र लावून बसला आहे, हे दारावरची पाटी सांगत नाही. भिंतीवर फ्रेम किती टांगल्या आहेत यावरूनही ते ठरत नाही. ते सांगतो नोंदणी क्रमांक, आणि तो क्रमांक खरा आहे का हे घरबसल्या पाहता येतं. हे परीक्षण त्या पाहण्याच्या सोयींचं आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथल्या माणसाला त्या कितपत उपयोगी पडतात आणि कुठे अडतात, एवढाच इथे प्रश्न आहे. निकाल आधीच सांगतो: डॉक्टरांची सोय चांगली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वापरण्याजोगी आहे, पण डोळे उघडे ठेवून. समुपदेशकांसाठी सामान्य माणसाच्या हाताशी येईल अशी खिडकी जवळजवळ नाहीच, आणि पुष्कळ लोक जातात ते समुपदेशकांकडेच.

सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि त्यावर मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही पदव्युत्तर पदवी वा पदविका. औषध लिहिण्याचा अधिकार त्याचा. गोव्यात त्याची नोंद गोवा मेडिकल कौन्सिलकडे असते आणि देशभरातल्या कौन्सिलांच्या नोंदी नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये एकत्र दिसतात. शोध नावाने किंवा क्रमांकाने घेता येतो. क्रमांकानेच घ्या, आणि सोबत कौन्सिल निवडा, कारण एकच क्रमांक वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या डॉक्टरांचा असतो.

नावाने शोधायला गेलात तर गोव्यातली आडनावं घाम काढतात. रोमन लिपीत कामत ‘के’ने लिहितात तसं ‘सी’नेही. सरदेसाई आणि प्रभुदेसाई यांच्यात ‘एस’ एक की दोन, नाईकच्या शेवटी ‘के’ की पोर्तुगीज वळणाचं ‘क्यूयूई’, डिसोझात मध्ये अपॉस्ट्रॉफी की मोकळी जागा, बोरकर-शिरोडकरांत ‘के’ की ‘सी’. यंत्राला ही सगळी निराळी माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांची नोंद बहुतेकदा माहेरच्या नावावर असते. म्हणून ‘नाव सापडलं नाही’ याचा अर्थ लगेच ‘बोगस’ असा काढू नका. दुसरा अडथळा कौन्सिलचा. गोव्यात प्रॅक्टिस करणाऱ्या काही डॉक्टरांची मूळ नोंद महाराष्ट्र किंवा कर्नाटक कौन्सिलची असते, त्यामुळे तिथेही पाहावं. तिसरा अडथळा सर्वांत फसवा: नोंद सापडते, पण पदवीच्या रकान्यात फक्त एमबीबीएस दिसतं. पदव्युत्तर पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून वेगळी नोंदवावी लागते आणि राष्ट्रीय रजिस्टरमध्ये ती चढायला वेळ लागतो. अशा वेळी राष्ट्रीय रजिस्टरवर न थांबता राज्य कौन्सिलकडे विचारा. २०२४ साली आधारशी जोडलेलं नॅशनल मेडिकल रजिस्टरही सुरू झालं आहे. पण तिथे नाव नाही एवढ्यावरून काही ठरवू नये. जुनं रजिस्टरच आजही कामाचं.

क्रमांक मागायला संकोच करण्याचं कारण नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्र, पावती यांवर लिहायचा असतो. ऑनलाइन सल्ला घेतलात तरी २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी हीच अट ठेवली आहे. फार्मसीवालाही चिठ्ठीसाठी हट्ट धरतो, त्याला कारण आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद डॉक्टरच्या नावासकट ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. ‘झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळवून देतो’ म्हणणारा समुपदेशक भेटला तर तिथून निघा.

आता दुसरी खिडकी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे आरसीआयच्या कक्षेत येतो. १९९२ च्या कायद्याने ही कौन्सिल उभी राहिली आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीला सीआरआर म्हणतात. व्यावसायिकांचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे आकडे येतात. शोध उघडा आहे, लॉगिन लागत नाही, ही जमेची बाजू.

पण या नोंदवहीत फक्त सायकॉलॉजिस्ट नाहीत. स्पेशल एज्युकेटर, ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट, पुनर्वसन क्षेत्रातले सोशल वर्कर असे अनेक व्यवसाय एकाच वहीत आहेत. त्यामुळे कार्डावरचं ‘आरसीआय रजिस्टर्ड’ खरं असतं आणि तरी तो माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसतो. मतिमंदत्वाच्या विशेष शिक्षणातला डिप्लोमा घेऊन नोंदलेली व्यक्ती नैराश्यावर थेरपी देत असेल, तर क्रमांक तिच्या थेरपीची हमी देत नाही. नोंद उघडल्यावर आधी व्यवसायाचा गट वाचा, मग अभ्यासक्रमाचं नाव आणि शेवटी मुदत. नूतनीकरण पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी व्यवसायात राहून घ्यायच्या प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. मुदत उलटलेली नोंद दिसली तर सरळ विचारा. पत्ता मात्र मनावर घेऊ नका. तो बहुधा शिक्षण संपलं त्या वेळचा असतो, म्हणून शोधताना राज्य ‘गोवा’ एवढंच ठेवलं तर खरा माणूसही निसटतो.

अभ्यासक्रम पाहायचा तो यासाठी. आजच्या अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांपैकी बहुतेकांकडे मानसशास्त्रातली एमए किंवा एमएस्सी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल असतं, ज्यात देखरेखीखाली रुग्ण तपासावे लागतात. एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा याच्या बरोबरीचा नाही. यूजीसीने एमफिल ही पदवी बंद केली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांना २०२५-२६ पर्यंत सवलत दिली होती. म्हणजे यापुढे सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) आणि आरसीआयचे इतर नवे अभ्यासक्रम प्रमाणपत्रांवर दिसू लागतील. अनोळखी पदवी दिसली म्हणून घाबरू नका, पण ती आरसीआयमान्य संस्थेची आहे का हे पाहाच. नुसती एमए सायकॉलॉजी, कितीही मोठ्या विद्यापीठाची असली, तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरवत नाही.

हे काटेकोरपणे तपासावंच लागतं असा एक प्रसंग प्रत्येक तालुक्यात येतो. मुलाला अध्ययन अक्षमता आहे का, बुद्ध्यांक किती, हे तपासून शाळेत किंवा बोर्डाकडे अहवाल द्यायचा असतो. पालक जवळच्या समुपदेशकाकडे हजारो रुपये देऊन चाचणी करून घेतात आणि मग कळतं, हा अहवाल चालणार नाही. उलटा क्रम ठेवा. आधी शाळेकडून लेखी विचारून घ्या की कोणाचा दाखला चालेल, मग वेळ घ्या, आणि अहवालावर सही, सीआरआर क्रमांक, वापरलेल्या चाचणीचं नाव व तारीख आहे ना ते तिथेच पाहा.

आरसीआयच्या कायद्याचा धाक मात्र तोकडा आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एका थेरपी सत्राच्या फीइतका हा दंड आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याने तिसरी खिडकी राज्याच्या हाती दिली. कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंद करायची आणि यादी इंटरनेटवर किंवा अन्य मार्गाने प्रसिद्ध करायची. नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कलम हेच आहे, कारण यात ‘आपल्या राज्यात आज कोण काम करतं’ याचं उत्तर मिळायला हवं. यादी सहज सापडली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. याच कायद्याचं कलम १०६ सांगतं की आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार कोणी सुचवू नये. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध यांतल्या मानसरोगाच्या पदव्युत्तर पदवीधारकांनाही कायदा मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो, पण तेही आपापल्या पद्धतीपुरतेच.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘आमचं सेंटर मेंटल हेल्थ अ‍ॅक्टखाली आहे’ हे वाक्य नुसत्या सल्ला देणाऱ्या खोलीसाठी अर्थहीन आहे. या कायद्याची आस्थापना म्हणजे जिथे रुग्णाला ठेवून घेतात ती जागा. व्यसनमुक्ती केंद्र मात्र यात येतं, कारण दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार कायद्याच्या व्याख्येत आहेत. बार्देश-पेडण्याच्या किनारपट्टीवर बंगला भाड्याने घेऊन माणसं ठेवून घेणाऱ्या ‘रिकव्हरी’ जागांना म्हणूनच प्राधिकरणाचं प्रमाणपत्र विचारायचं. तात्पुरतं असेल तर ते बारा महिन्यांपुरतं असतं, तारीख वाचा. नोंदणीविना चालवल्यास पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार रुपये दंड, आणि तो पुढे ५ लाखांपर्यंत जातो. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावणंही बंधनकारक आहे. ज्या जागेत तो फलक नाही आणि पहिल्या महिन्यात घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे आपला माणूस ठेवू नका.

राहिले समुपदेशक, लाइफ कोच, हिप्नोथेरपिस्ट, ब्रेथवर्कवाले. संमोहनाचा गोमंतकीय प्रवर्तक आबे फारिया याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे, तरी संमोहन हे तंत्र आहे, स्वतंत्र नोंदणी असलेला व्यवसाय नव्हे. वापरणारा मुळात कोण हे विचारायचं. परदेशी परवाना दाखवणाऱ्याबाबतही तेच: कॅलिफोर्नियाचा किंवा लंडनचा परवाना हणजूण-हरमलात आपोआप लागू होत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने आरसीआयबाहेरचे सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांना ‘बिहेवियरल हेल्थ सायन्सेस’ या गटात घेतलं आहे आणि नोंदणी राज्य परिषदांवर सोपवली आहे. त्या वह्या भरून लोकांपुढे येतील तेव्हा या परिच्छेदाचा निकाल बदलेल.

तोवर काय? नोंद नाही म्हणजे माणूस वाईट, असं आम्ही म्हणत नाही, आणि याचा पुरावा गोव्यातलाच आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर सहा ते आठ सत्रांचा उपचार दिला, आणि २०१७ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधाने तो परिणामकारक असल्याचं दाखवलं. पण ते समुपदेशक एकटे नव्हते. प्रशिक्षण ठरलेलं होतं, सत्रं ध्वनिमुद्रित होऊन तपासली जात होती, मागे तज्ज्ञ होते. म्हणून समुपदेशकाला पहिल्या फोनवर हेच विचारा: तुमच्या कामावर देखरेख कोणाची, किती दिवसांनी? आत्महत्येचे विचार, भास, झपाट्याने घटणारं वजन दिसलं तर रुग्ण कोणाकडे पाठवता? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. नाव आणि ठिकाण सांगतो. ‘माझ्याकडे सगळं बरं होतं, गोळ्या बंद करा’ हे उत्तर धोक्याचं. लिथियम किंवा भासांवरची औषधं स्वतःहून तोडली की आजार उलटतो, आणि तो उलटलेला आजार सांभाळायला शेवटी बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्थाच गाठावी लागते.

बांबोळीच्या या संस्थेबद्दल, म्हणजे आयपीएचबीबद्दल (इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियर) एक वाक्य लिहायलाच हवं. सरकारी संस्था आणि गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) मानसोपचार विभाग असल्याने नोंदणी तपासण्याचा प्रश्नच तिथे उरत नाही. सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर एका छताखाली आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आणि चोवीस तास.

तक्रारीची वाटही व्यवसायाप्रमाणे बदलते. डॉक्टर असेल तर गोवा मेडिकल कौन्सिल, सीआरआर क्रमांक असेल तर आरसीआय. ठेवून घेणारी जागा असेल तर आधी तिचा प्रमुख, मग पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य प्राधिकरण. लैंगिक गैरवर्तन असेल तर थेट पोलीस. नोंद नसलेल्या समुपदेशकाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. तिथे पहिला कागद मागतात तो पावती. रोख देऊन पावती न घेण्याची सवय इथेच नडते, म्हणून पहिल्या सत्रापासून नाव, तारीख, रक्कम लिहिलेली पावती घ्या किंवा पैसे यूपीआयने द्या. डॉक्टरकडून उपचाराचे कागद लेखी मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात, आणि २००२ च्या संहितेत दाखल रुग्णांचे कागद जपण्याची त्याची सक्ती तीन वर्षांचीच आहे. मागणीच्या पत्राच्या प्रतीवर पोच घेऊन ठेवा.