खाशाबांच्या गावाकडे निघालात, तर मुक्काम कराडला की कोल्हापूरला?

15 जानेवारी 2026 ला खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण 'एकदा गाडी काढून जाऊन येऊ' म्हणतायत आणि सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नावर अडते, रूम कराडला घ्यायची की कोल्हापूरला. हेलसिंकी ऑलिम्पिक, 1952, कुस्तीचं कांस्य हे काही इथे नव्याने सांगायला नको. मी दोन्हीकडे राहून बघितलंय त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो, पटलं तर घ्या. पुण्याहून स्वतःच्या कारने जाणार, दोन रात्री हाताशी आहेत असं धरून चालतो.

आधी कोल्हापूर, कारण कागदावर तर तेच जड आहे. कुस्तीचं खासबाग तिथे, खाशाबांचं राजाराम कॉलेज तिथे, तालमी तिथे, आणि जेवणाचं तर बोलायलाच नको. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 पासून आहे, पण कुस्त्या नसतील त्या दिवशी आत गेलात तर पहिल्यांदा थोडं ओकंबोकं वाटतं. दोन मिनिटं वरच्या अंगाला बसा, मग कळतं की कुठेही बसलं तरी मधला हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, नीट दिसतोय, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं ते. त्याबद्दल कोल्हापूरकराशी बोलायला जाल तर अर्धा तास मोकळा ठेवा.

खरी मजा तालमीत. वस्तादांना विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, कोपऱ्यात गप उभं राहायचं, फोन खिशात. हौद्यातली माती ताक, तेल, हळद घालून मळलेली असते, तिचा तो आंबूस वास दारातच येतो. मी गेलो तेव्हा एक बारका पोरगा होता, असेल दहाबारा वर्षांचा, त्याने आधी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मग दोन मुठी घेऊन समोरच्या थोराड गड्याच्या पाठीवर चोळत बसला, घाम आला की पकड सुटते म्हणून. हे बघितल्यावर खाशाबांचं 1948 चं लंडन ऑलिम्पिक जरा वेगळं कळतं. असल्या मातीतला माणूस तिथे थेट मॅटवर उतरला, मॅटची सवय नाही, नियम परके, आणि तरी फ्लायवेट वजनगटात सहावा आला. पुस्तकात वाचताना 'सहावा' एवढंच वाचून आपण पुढे जातो.

आता माझी अडचण. पार्किंग. हसू नका, ट्रिपचा निम्मा मूड तिथेच जातो. मी पेठेत, मैदानापासून चालत जाता येईल असं लॉज बघून घेतलं होतं, फोनवर 'पार्किंग आहे साहेब' असं ठणकावून सांगितलेलं. पार्किंग होतं, म्हणजे बिल्डिंगखालची एक बोळ, त्यात गाड्या एकामागे एक आगगाडीसारख्या लावलेल्या, आणि माझी सगळ्यात आत की सगळ्यात बाहेर हे आपण कधी परततो त्यावर. बाहेर लागली की पहाटे साडेपाचला वॉचमनचा फोन, 'आतली पार्टी निघालीय, गाडी काढा'. आत लागली की आपल्याला निघायच्या वेळी पुढचा गाडीवाला अंबाबाईच्या रांगेत, फोन बंद. त्यात शनिवार-रविवारची देवीची गर्दी, त्यामुळे एकदा गाडी बाहेर काढली की परत आणायची भीती आणि भीतीपोटी गाडी जागची हलत नाही. शेवटी काय झालं, गोळेश्वर, म्हणजे कराडजवळचं खाशाबांचं गाव, 'जाताना वाटेत करू' म्हणून ढकललं, आणि रविवारी दुपारी घरी पळायच्या घाईत, पोरं मागे झोपलेली, कशीबशी वीस मिनिटं मिळाली. ज्याच्यासाठी निघालो त्याच्या गावाला वीस मिनिटं! म्हणून लॉज ठरवताना पार्किंग आहे का असं विचारूच नका, माझ्या गाडीमागे दुसरी गाडी लागणार का, असं विचारा.

पुढच्या वेळी कराड घेतलं. तिथे हायवेच्या बाजूला लॉजला मोकळं अंगण मिळतं, गाडी लावली की लावली. कराडला रात्री करण्यासारखं फारसं काही नाही हे कबूल, प्रीतिसंगमावर बसायचं, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी जाऊन यायचं, जेवून झोपायचं. पण सकाळी सातला गोळेश्वरात असता येतं हो, आणि तो फरक मला तरी मोठा वाटला. गावाला अजून घाई नसते, पारावर कुणीतरी चहा घेत बसलेलं असतं, खाशाबांचं नाव काढलं की समोरचा आपणहून घर दाखवायला उठतो. घराचं नाव 'ऑलिम्पिक निवास'. ते म्युझियम नाही, माणसांचं घर आहे, त्यामुळे बाहेरून नमस्कार, आणि कुणी या म्हटलं तरच आत.

गावात बसलं की ती मिरवणुकीची गोष्ट निघतेच. हेलसिंकीहून परत आल्यावर शंभरावर बैलगाड्या आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास. कोल्हापुरातून आलेल्याला ही गोष्ट नुसती ऐकायला मिळते, कराडात राहिलात तर ओगलेवाडीकडच्या रेल्वे स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत गाडी घालून बघता येते, काचा खाली करून, सावकाश. दुसरी गोष्टही निघते, ती कमी गोड आहे. गावात कुस्तीचं केंद्र उभं करायचं आश्वासन सरकारने पाळलं नाही म्हणून 2017 मध्ये घरच्यांनी पदक लिलावात काढायचा इशारा दिला होता. खाशाबा 14 ऑगस्ट 1984 ला कराडजवळच रस्त्यावरच्या अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो नंतर कितीतरी वर्षांनी. हे सगळं तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकायला वेळ लागतो आणि वाटेतल्या थांब्यावर तो नसतो. शिवाय ते शिकले ते टिळक हायस्कूल कराडातच आहे, तेही संध्याकाळी पायी फिरताना होऊन जातं.

मग कोल्हापूर सोडायचं का, तर अजिबात नाही. मधला पूर्ण दिवस त्याला द्या. अंतर सत्तरएक किलोमीटर, फक्त सहापदरीकरणाच्या कामामुळे मी गेलो तेव्हा जागोजागी डायव्हर्जन होती, निघण्याआधी लॉजवाल्याला रस्ता विचारून घ्या. आणि पेठेत गाडी घालूच नका. आधी विद्यापीठाच्या बाजूला राजाराम कॉलेज करा, तिथे रस्ते रुंद आहेत. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. गोळेश्वर आधी बघून झालेलं असेल तर ती पाटी वाचून पुढे जाववत नाही. मग गाडी तिथेच कुठेतरी लांब लावून रिक्षाने गावात, दुपारी तांबडा-पांढरा, खासबाग, संध्याकाळच्या मेहनतीला तालीम, गंगावेशीत म्हशीचं समोर काढलेलं फेसाळ दूध एक ग्लास, आणि रात्री परत. तिसऱ्या दिवशी पुण्याला यायला सत्तर किलोमीटर कमी, हा वरचा फायदा.

एक गोष्ट मात्र कराडातून जमत नाही, पहाटेची तालीम. पाचला हौद्याशी उभं राहायचं तर कराडातून साडेतीनला निघावं लागेल, आणि घरच्यांना घेऊन ते मी तरी करणार नाही. संध्याकाळी पोरं तीच असतात, पण पहाटे तालमीत बघ्यांची वर्दळ नसते आणि वस्तादाचा आवाजही वेगळाच लागतो, एवढा फरक आहेच. तुम्ही स्वतः कधी लांग बांधली असेल आणि तेवढ्यासाठीच निघाला असाल तर कोल्हापूरच घ्या, माझं ऐकू नका. खासबागेत मैदान लागलंय त्या तारखेला जाणार असाल तरीही कोल्हापूरच, कुस्त्या रंगल्या तर रात्री परतायचा विचार डोक्यात नको. फक्त मग कार घरी ठेवा, कोयना नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा, दोन्ही कराडला थांबतात, येताना तिथे उतरून गोळेश्वराला अर्धा दिवस द्या आणि पुढे पुण्याला एसटीने या.