भिंतीत गेलेलं आणि भिंतीवरचं: बजेटमधल्या नळ, टाइल्स, फिटिंगचा रिव्ह्यू

प्लास्टर झालं की घराचं बजेट जवळपास संपलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त दिसणारी खरेदी सुरू होते, नळ, टाइल्स, कमोड, दिवे, हँडल, आणि प्रत्येक दुकानदार सांगतो की एवढा खर्च केलाच आहे तर अजून थोडं वाढवा. आमच्याकडे वाढवायला काही शिल्लक नव्हतं. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावला, ही उद्या बिघडली तर बदलायला काय फोडावं लागेल? टाइल फोडावी लागणार असेल तर पैसे तिथे, नुसत्या पान्याने निघणार असेल तर स्वस्तातलं चालेल. आता सगळं रोजच्या वापरात आहे तर कंपन्यांची नावं न घेता जे जमलं आणि जे नाही ते लिहिते.

सगळ्यात आधी शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरला की खालच्या नळाला जाणार ते ठरवणारा व्हॉल्व्ह. याला पैसे द्या, यावर माझ्याकडून वाद नाही. याची पितळी बॉडी भिंतीत गाडली जाते आणि बाहेर दिसतो तो फक्त पत्रा आणि हँडल, आणि गंमत म्हणजे दुकानात सगळे त्या पत्र्याचाच गोल-चौकोनी आकार बघत बसतात. एका कंपनीची बॉडी आणि दुसरीचा पत्रा सहसा बसत नाही, म्हणजे आतला भाग घेतला तेव्हाच तुम्ही त्या कंपनीशी बांधले गेलात. त्यामुळे विचारायचं ते एवढंच की आतलं कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा भाग) सुटं मिळतं का, आणि ते समोरून काढता येतं का. बॉडी किती खोल बसवायची याच्या खुणा तिच्या प्लास्टिकच्या कव्हरवर असतात, ती खोली तयार भिंतीपासून मोजायची, म्हणजे प्लास्टर, अॅडेसिव्ह आणि टाइलची जाडी सगळं धरून. प्लंबर घाईत असेल तर हे तुम्हीच मोजा. आणि टाइल लावायच्या आधी पाइपमध्ये प्रेशर भरून टेस्ट करून घ्या, नंतर गळती सापडली तर सगळं मुसळ केरात.

बेसिनचा नळ मात्र वरून बसतो, दोन नट काढले की हातात येतो, म्हणून तिथे साधा, क्रोम फिनिशचा, सिंगल लिव्हर घेतला आणि मी खूश आहे. फक्त बॉडी पितळेची हवी. जस्ताच्या मिश्रधातूचे नळ दिसायला अगदी तसेच असतात पण त्यांचे आटे कमजोर, जोर लावून आवळले की तडकतात. सारख्या आकाराचे दोन नळ दोन हातात घेऊन बघा, पितळेचा जड लागतो (हँडल प्लास्टिकचं असेल तर ते खुशाल असू दे, त्याने काही अडत नाही). आत सिरॅमिक डिस्क असली की पाव फेऱ्यात चालू-बंद होतो आणि जुन्या नळासारखा वायसर झिजून टपटप होत नाही. कचरा अडकला तर मात्र या डिस्कवर ओरखडे पडतात, म्हणून नवीन पाइपलाइनमधून आधी नुसतं पाणी सोडून वाळू-सिमेंट निघू द्या आणि मगच नळ जोडा. वॉरंटी वाचताना कार्ट्रिजची आणि फिनिशची मुदत वेगवेगळी असू शकते, मोठा आकडा बहुतेक कार्ट्रिजचा असतो.

काळे मॅट नळ फोटोत फार भारी दिसतात. बजेटमध्ये घेऊ नका. स्वस्तातल्या काळ्यावर पावडर कोटिंग किंवा नुसता रंग असतो, तो कडेने उडायला लागतो, पीव्हीडी कोटिंग (निर्वातात चढवलेला पातळ, कडक थर) टिकतं पण ते बजेटमध्ये येत नाही. आणि पाणी जड असेल तर काळ्यावर पांढरे डाग इतके उठून दिसतात की रोज फडकं घेऊन उभं राहावं लागेल. क्रोमला डाग पडतात तेही पण लपतात. बाहेरच्या आणि गच्चीतल्या नळाला तर सरळ चांगल्या प्लास्टिकचा घेतला, गंजत नाही, चोरीलाही जात नाही!

नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमचं पाणी निघून जातं त्या तोंडावरची जाळी ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि सतत ओल्या जागी ते लवकर गंजतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही हो! ग्रेड बिलावर लिहून घ्या, लिहायला कुरकुर केली की काय समजायचं ते समजा. आणि बाथरूममध्ये अॅसिड वापरत असाल तर क्रोम आणि स्टील दोन्ही जातील, मग कितीही भारी घ्या.

टाइल्समध्ये आमचे सगळ्यात जास्त पैसे वाचले, आणि ते भिंतीवर. व्हिट्रिफाइड टाइल (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते, साधी सिरॅमिक वॉल टाइल १० टक्क्यांच्या वर, म्हणून लोक घाबरून भिंतीलाही व्हिट्रिफाइड लावतात. गरज नाही. भिंतीवर कोणी चालत नाही आणि वरचं ग्लेझ (काचेसारखा थर) पाणी अडवतंच. उलट व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही म्हणून नुसत्या सिमेंटवर नीट धरत नाही, तिला टाइल अॅडेसिव्ह लागतं, तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. जमिनीला व्हिट्रिफाइड, बाथरूमच्या जमिनीला मॅट आणि लहान आकाराची, कारण लहान टाइलला उतार नीट देता येतो. चकचकीत मोठी टाइल बाथरूमच्या जमिनीला लावणाऱ्यांना माझा नमस्कार. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे आहेत ना ते उतरवतानाच बघा, तुटफुटीला ५ ते १० टक्के जास्त धरा, आणि वर एक बॉक्स कायमचा माळ्यावर टाका कारण डिझाइन बंद झालं की ती टाइल परत मिळत नाही. टाइलच्या सांध्यांत भरायला ओल्या जागेत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं), बाकी घरभर साधं.

कमोडला भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर आधी ठरवा आणि मगच मॉडेल निवडा, उलटं केलंत की लादी फुटते. भिंतीला टांगलेलं, टाकी आत लपवलेलं कमोड साफसफाईला मस्तच, पण बजेट ताणलेलं असताना आम्ही जमिनीवरचं साधं, ३ आणि ६ लिटरचं ड्युअल फ्लशवालं घेतलं, टाकी उघडी, कोणताही प्लंबर दुरुस्त करतो.

बिजागऱ्या चांगल्या, हँडल स्वस्त. स्विचचं तसंच, पॉइंट भरपूर काढून घ्या आणि पॅनल साधे लावा, नंतर बदलता येतात.

दिव्यांना सध्या छतात फक्त वायर सोडलीय आणि साधे होल्डर. ४००० केल्विनचे (प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका पिवळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० च्या वरचे बल्ब लावलेत, ६५०० वाल्यांसारखे पांढरेफटक नाहीत आणि भिंतीचा रंगही बरा दिसतो. झुंबर हॉलमध्ये कुठे लावायचं यावर घरात अजून एकमत नाहीये, वायर मात्र तीन ठिकाणी निघालीय.