कोकणात कापडी हूडची गाडी : वर्षभराच्या वापरानंतर

गाडी गेल्या शिमग्याच्या आधी घेतली. मधे एक अख्खा पावसाळा गेला आणि आता पुन्हा आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आलेत, म्हणजे लिहायला हरकत नाही. गाडीचं नाव देत नाही, कारण सांगायचंय ते कापडाबद्दल. हूड म्हणजे गाडीचं कापडी छप्पर, हाताने मागे पाडायचं, मागे आणि बाजूंना चेनने निघणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या खिडक्या. राहणं रत्नागिरीत, समुद्राच्या अगदी जवळ.

घेताना प्रत्येकाने एकच विचारलं, पावसात गळणार नाही का? नाही गळत. असं कापड बहुधा तीन थरांचं असतं : वर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टरची वीण, मधे रबर, आत अस्तर. पाणी अडवतो तो मधला रबर. चढवून ताणलेल्या हूडची मला आजवर काळजी करावी लागली नाही. त्याची वाट लागते ती मागे पाडल्यावर. घडीत रेती, ओल, भाट्याच्या किनाऱ्यावरच्या बनातल्या सुरूच्या काड्या, जे काही सापडेल ते तिथेच दाबून राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला कापड त्यावर घासतं. रत्नागिरीत खड्डे किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

रेती दिसते तरी. मीठ दिसत नाही. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आलं की काचेवर बोट फिरवा, चिकट लागतं. तोच थर हूडवरही असतो. दुपारी हात लावला तर कापड कोरडं ठक्क, म्हणून घडी घालावी, आणि दुसऱ्या दिवशी उघडावं तर आतून दमट, कुबट वास. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तोच प्रकार. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर ती सहज त्याच्या वर असते. त्यामुळे "वाळवून मगच घडी घाला" हा सगळीकडे मिळणारा सल्ला किनाऱ्यावर अर्धाच. आधी मीठ काढायचं, मग वाळवायचं.

मीठ काढायला गोडं पाणी लागतं, आणि इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. मी विहिरीचं पाणी वापरतो. आधी मऊ ब्रशने कोरडीच रेती झटकायची, मग नळीने बारीक धार. प्रेशर वॉशर शिवणीवर अजिबात नको. धुऊन झालं की हूड चढवूनच वाळू द्यायचं, पण सावलीत आणि वाऱ्यावर.

कधीकधी ओलं हूड पाडावंच लागतं. जयगड-तवसाळ फेरीबोटीवर गाडी चढली की मागच्या सीटवरची मंडळी हूड उघडायला लावतातच, आणि तुषार उडतात. हरकत नाही, पण घरी पोचल्यावर आधी हूड चढवायचं, जेवण नंतर. तसंच रात्रभर राहिलं तर भुरी धरते. ब्लीचने डाग जाईल, पण शिवणीचा दोराही कमजोर होईल, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि धीर. वर्षातून एकदा कापडासाठीचा, पाणी झटकणारा स्प्रे मारतो. तो गळती थांबवायला नाही, वरची वीण पाणी पिऊन बसू नये म्हणून.

प्लॅस्टिकच्या खिडक्या हा खरा नाजूक भाग. उन्हात तापलेल्या असताना घडीत गेल्या तर कापडाची नक्षी त्यांच्यावर उमटते आणि पुढे जात नाही. थोड्या निवल्या की मधे जुन्या सुती साडीचा तुकडा घालून पाडतो. सुक्या फडक्याने पुसू नयेत, मिठाचे कण चरे काढतात. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रेही नको. चेनच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर साधी मेणबत्ती घासली की चेन पुन्हा सुरळीत चालते. हूडच्या सांगाड्याच्या सांध्यांना मात्र तेल सोडू नका. ते कापडावर उतरतं आणि रेती धरून ठेवतं. कोरडं वंगण मिळतं, ते पुरतं.

आता पाहुण्यांचं. मुंबई-पुण्याची मंडळी आली की पाडलेल्या हूडवर बसून फोटो काढायची फार हौस. खाली सांगाड्याच्या पट्ट्या असतात, त्या वाकल्या की पुढच्या कड्या लागतच नाहीत. हेच आंब्याच्या पेट्यांचं. वजन तर आहेच, शिवाय चीक. आंब्याचा चीक कापडावर वाळला की डाग जन्माचा.

आणखी एक, हूड आठवडेच्या आठवडे पाडून ठेवू नये. घड्या पक्क्या बसतात, कापड आकसतं, आणि वर राहिलेला पट्टा तेवढाच उन्हाने विटतो. मिनी कूपर कन्व्हर्टिबलचं हूड म्हणे बटण दाबलं की १८ सेकंदांत उघडतं, तेही ३० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीत. आपल्याला उतरून, दोन्ही कड्या सोडून, बायकोला "जरा धर गं" म्हणावं लागतं. पण त्या निमित्ताने प्रत्येक वेळी घडीत हात फिरतो, त्यामुळे सुरूची काडी किंवा ओल लगेच कळते.

सध्या मागच्या डाव्या कोपऱ्यातली शिवण पांढुरकी पडलीय, घडी नेमकी तिथे मोडते. कुशनचं काम करणारा म्हणाला, कापड अजून चांगलं आहे, नुसता दोरा बदलू, पॉलिस्टरचा घालू. मे संपायच्या आत गाडी त्याच्याकडे टाकायचीय. जूनमध्ये त्याच्याकडे ताडपत्रीवाल्यांची रांग लागते.