मारुती ८००: इंजिन घरी बांधायचं की जुनं आणून बसवायचं?

सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला की ऑइल जळतंय हे कळतं, आणि मग हे दोनच रस्ते उरतात. भंगारातल्या गाडीचं इंजिन आणलं तर दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. पण ते किती पळालंय, कधी तापून हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकलंय का, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलतो, म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आलीच.

घरी बांधायला, म्हणजे आपलंच इंजिन खोलून, दुरुस्त करून परत जोडायला, महिना सहज जातो. पण ७९६ सीसीचं हे तीन सिलिंडरचं इंजिन शिकायला फार गुणी, छोटं आणि हलकं. बोअरिंगला, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करायला, लेथवाल्याकडे जावंच लागतं. पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट मात्र स्वतः मोजावी: रिंग सिलिंडरमध्ये ठेवायची, पिस्टनने सरळ ढकलायची, टोकांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर खोलतानाच खुणा करा, म्हणजे कुठली कॅप कुठल्या रॉडची ते कळतं. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना) उसना आणा, पण अंदाजाने बोल्ट आवळू नका.

रोज गाडी लागते त्याने तयार इंजिनच घ्यावं. माझी गाडी बाबांची आहे; तिचा इंजिन नंबर मला बदलायचा नाही.