स्टाइल शब्द मुळात कुठला? एटिमऑनलाइन वापरून बघा

इंग्रजी शब्द कुठून आला हे बघायला एटिमऑनलाइन, म्हणजे ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, ही साइट मला सगळ्यात भारी वाटते. डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने ती सुरू केली आणि बरीचशी एकट्यानेच लिहून काढली, वापरायला पैसे लागत नाहीत, लॉगिनची पण गरज नाही. पण नुसतं चांगली आहे म्हणून काही कळणार नाही, त्यापेक्षा एक शब्द घेऊन बघू. स्टाइल घ्या. हेअरस्टाइल, लाइफस्टाइल, स्टायलिश, सगळीकडे असतो.

तर तिथे स्टाइल टाकलं की पहिल्यांदा कपडे, केस वगैरे येतच नाही, येतो लॅटिनमधला स्टिलुस. म्हणजे टोकदार खुंटी, आणि त्यावरून लिहायची लेखणी. रोमन लोक लाकडी पाटीवर मेणाचा थर द्यायचे आणि या लेखणीने त्यात अक्षरं कोरायचे, लेखणी हाडाची नाहीतर लोखंडाची वगैरे, एक टोक अणकुचीदार आणि दुसरं चपटं, काही चुकलं की ती उलटी धरायची आणि चपट्या बाजूने मेण घासून सपाट करायचं की झाली जागा परत लिहायला. होरेस या रोमन कवीने तर सांगूनच ठेवलंय की लोकांनी पुन्हा वाचावं असं काही लिहायचं असेल तर लेखणी सारखी उलटी करत जा, म्हणजे खोडा आणि परत लिहा!

मग लेखणीवरून लिहिण्याची ढब, त्यावरून एकूणच वागण्याबोलण्याची तऱ्हा, असा अर्थ सरकत गेला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून १४ व्या शतकात इंग्रजीत. कपड्यांची स्टाइल हा अर्थ फार उशिरा आलाय, थेट १९ व्या शतकात. आज जो अर्थ सगळ्यात आधी डोक्यात येतो तो या रांगेत पार मागे उभा आहे, आणि ही रांग एका छोट्या परिच्छेदात सनावळीसकट दिसते म्हणून मला ही साइट एवढी आवडते. साध्या डिक्शनरीत सगळे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात पण त्यातला कुठला कशातून निघाला ते लक्षात येत नाही.

स्पेलिंगचा किस्सा पण तिथेच वाचायला मिळतो. लॅटिनमध्ये आय होता, त्याचा वाय झाला कारण लोकांना वाटलं हा ग्रीक स्टुलोसवरून आला असणार, स्टुलोस म्हणजे खांब. दोघांचा थेट संबंध बहुतेक नाहीच, पण वाय चिकटला तो चिकटलाच.

आणि खरी मजा लिंकांमध्ये आहे. एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता येतं, मग कळतं की स्टिलेटो पण याच घरातला, इटालियनमध्ये स्टिलो म्हणजे खंजीर, त्यातला छोटा तो स्टिलेटो, बुटाची उंच बारीक हील त्यावरून, ती १९५० च्या दशकातली. टॅबलेटवर लिहायचा स्टायलस तर काय, रोमन लेखणीच की. तसंच फॅशन बघा, तो लॅटिनमधल्या 'करणे' या क्रियापदाकडून येतो आणि गट-तट या अर्थाचा फॅक्शन त्याचा सख्खा भाऊ निघतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवून वाचा, नोंदीतलं साल म्हणजे शब्द जन्मला ते साल नाही, तो लिहिलेला सापडला त्यातलं सगळ्यात जुनं साल, बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. आणि कोणी कुठल्या वाक्यात वापरला असे उतारे हवे असतील तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी लागते, तिचा पहिला भाग १८८४ ला आला आणि काम पुरं झालं १९२८ ला, यावरूनच आवाका समजा, पण ऑनलाइन पूर्ण वाचायला वर्गणी भरावी लागते किंवा लायब्ररीतून बघावी लागते. इंग्रजीबाहेरच्या भाषांतले भाऊबंद शोधायला विक्शनरी बरी, तिथे कोणीही बदल करू शकतं म्हणून दुसरीकडे ताडून घ्या. रोजच्या कुतूहलाला एटिमऑनलाइन पुरेशी आहे, शिकवणाऱ्यांनी आणि भाषांतर करणाऱ्यांनी तर बुकमार्क करूनच ठेवावी, आणि पहिल्यांदा उघडाल तेव्हा स्टाइलनंतर लगेच एलिगंट टाकून बघा.